माणसांच्या मागे वर्षानुवर्षं राहणारं संशोधन: पुण्याजवळची सहा गावं, मुंबईची मतदारयादी आणि इतर कोहॉर्ट

शेवंती

मधुमेहाच्या धाग्यावर एकांनी विचारलं होतं, "आमच्या घरात सगळे काटकुळे, मग आईला आणि मामाला चाळिशीच्या आत साखर कशी लागली?" उत्तर लिहायला बसले तर ते इतकं वाढलं की वेगळा धागा काढते आहे. या प्रश्नाचं बरंचसं उत्तर ज्या अभ्यासातून मिळालं तो आपल्या पुण्याजवळच्या सहा गावांत झाला. जगभरच्या पोषणतज्ज्ञांना तो माहीत आहे. आपल्याकडे मात्र त्याबद्दल फारसं बोललंच जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी स्वतः आरोग्य-संशोधनात आधी फील्डवर आणि मग माहितीच्या विश्लेषणात काम केलं आहे. या अभ्यासात नव्हते, दुसऱ्या एका प्रकल्पात होते.

कोहॉर्ट अभ्यास म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. ज्यांना तो आजार अजून झालेला नाही अशा माणसांचा गट घ्यायचा. त्यांचा आहार, सवयी, वजन, रक्त, सगळं आजच नोंदवायचं आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्या संपर्कात राहून कोणाला काय होतं ते पाहायचं. कारणाची नोंद आधी होते, परिणाम नंतर दिसतो. आजारी पडलेल्या माणसाला "दहा वर्षांपूर्वी काय खात होतात?" असं विचारलं की तो आजाराच्या नजरेतूनच आठवतो. इथे तो घोळ टळतो.

आता पुण्याकडे वळते. के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना दिसत होतं की आपल्याकडचे मधुमेही युरोपातल्यांपेक्षा वयाने लहान आणि अंगाने बारीक असतात, पण पोटावर चरबी असते. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशरमधल्या जुन्या जन्मनोंदी धुंडाळून दाखवलं होतं की जन्मतः आणि पहिल्या वर्षात वजन कमी असलेल्यांना मोठेपणी हृदयविकाराने मृत्यू जास्त येतो. मग आपल्याकडे, जिथे बाळंच लहान जन्मतात, तिथे काय होत असेल? याज्ञिक आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९३ साली हे काम हाती घेतलं. पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी हे त्याचं नाव.

त्यांनी सुरुवात गरोदरपणाच्याही आधीपासून केली. गावांतल्या मूल होण्याच्या वयातल्या विवाहित बायकांची आधीच मोजमापं घेऊन ठेवली. मग कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख टिपून घ्यायच्या. पाळी चुकली की पुढची तपासणी. अशा साधारण आठशे गरोदर बायकांचा आहार, रक्त, अंगावरचं काम, सगळं नोंदवलं गेलं. बाळ जन्मल्यावर ७२ तासांच्या आत वजन, उंची, डोक्याचा घेर आणि कातडीखालची चरबी मोजायची.

बाळांचं सरासरी वजन निघालं सुमारे २.७ किलो. साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. इथवर कोणाला आश्चर्य वाटलं नाही. पण तुलना करताना दिसलं की पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण खांद्याच्या फऱ्याखालची चरबी मात्र जवळजवळ टिकून आहे. बाळ बारीक, पण त्या मानाने चरबीदार. २००३ साली हे प्रसिद्ध झालं. तेव्हापासून "थिन-फॅट इंडियन बेबी" हा शब्दप्रयोग जगभर वापरला जातो.

चरबी मोजायला चिमट्यासारखं यंत्र असतं, त्याला कॅलिपर म्हणतात. बाळाला पालथं धरायचं, फऱ्याच्या खालची कातडी अंगठा आणि तर्जनीत उचलायची, त्यावर कॅलिपर लावायचा आणि काही सेकंदांत आकडा वाचायचा. बाळ रडतं, हात हलतो, आकडा बदलतो. म्हणून एकाच जागी पुन्हा मोजतात, आणि दोन कार्यकर्त्यांची मोजणी जुळते का तेही अधूनमधून तपासतात. आमच्या प्रकल्पात कॅलिपरपेक्षा वजनकाट्याची धास्ती जास्त होती. बाळाला तोललं की दृष्ट लागते, असं कितीतरी आज्या म्हणायच्या. आधी आजीशी गप्पा, चहा, मग काजळाची तीट लावून झाली की काटा. ज्या ताईला हे जमायचं तिच्या गावातली माहिती पूर्ण असायची.

पुढचं प्रतिसादांत लिहिते. प्रश्न असतील तर जरूर विचारा.

घाटमाथा

छान विषय, शेवंतीताई. मी कोल्हापूर जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. तुम्ही म्हणता ते रुग्ण मी रोज पाहतो. वजन ५५ किलो, शेतात राबणारा माणूस, आणि जेवणानंतरची साखर २८०. घरच्यांचा विश्वासच बसत नाही. "डॉक्टर, ह्यो कुठं जाडा हाय?"

याज्ञिकांचा दुसरा एक प्रसिद्ध दाखला इथे द्यायला हवा. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा राहिलेला फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. मी हा फोटो दवाखान्यात लावला आहे. बीएमआय नॉर्मल म्हणून निश्चिंत राहिलेल्याला तो दाखवला की पोटाचा घेर मोजून घ्यायला लगेच तयार होतो.

तर्कनिष्ठ

लेख आवडला, पण एक शंका. बारीक बाळ आणि पुढचा मधुमेह यांचा संबंध दिसला म्हणून एक दुसऱ्याचं कारण कसं ठरतं? गरिबी दोन्हींच्या मुळाशी असू शकते. कोहॉर्टवर भरवसा ठेवून जगाने एकदा मोठा फटका खाल्लेला आहे. अमेरिकेत १९७६ साली सुरू झालेला नर्सेस हेल्थ स्टडी, १,२१,७०० नर्स. त्यात दिसलं की पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांना हृदयविकार बराच कमी होतो. लाखो बायकांना गोळ्या लिहून दिल्या गेल्या. २००२ मध्ये चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली मोठी चाचणी, विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह, मुदतीआधी थांबवावी लागली, कारण एकत्रित हार्मोन घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात आणि स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला. मग आपण चाचण्याच का करू नयेत?

शेवंती

तर्कनिष्ठ, तुमचा मुद्दा अगदी महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच जास्त शिकलेल्या, डॉक्टरकडे वेळेवर जाणाऱ्या, सिगारेट कमी ओढणाऱ्या होत्या. तब्येत चांगली राहिली त्यात त्याचा वाटा किती आणि गोळीचा किती, हे वेगळं काढणं अवघड असतं. संशोधक गणिताने तोल सांभाळतात, पण जे मोजलेलंच नाही त्याचा तोल सांभाळता येत नाही. इथवर तुमचं पटतं.

पण ही गोष्ट तिथे संपत नाही. २००८ साली मिगेल हर्नान आणि सहकाऱ्यांनी त्याच नर्सेसची माहिती पुन्हा वेगळ्या पद्धतीने मांडली. गोळी कधी सुरू केली तिथून घड्याळ चालू केलं, जसं चाचणीत करतात. तसं केल्यावर दोन्ही निष्कर्षांतली तफावत बरीच कमी झाली. आधीच्या विश्लेषणात गोळी सुरू केल्यानंतरचा पहिला काळ, म्हणजे जेव्हा त्रास होतो तोच काळ, नीट धरला गेला नव्हता. म्हणजे दोष बराचसा मांडणीत होता. कोहॉर्ट वाचताना "घड्याळ कुठून सुरू केलं?" हे विचारायची सवय तेव्हापासून सगळ्यांना लागली.

आता "चाचण्याच का नकोत?" याबद्दल. गरोदर बाईला चिठ्ठी टाकून उपाशी ठेवता येईल का? निम्म्या लोकांना वीस वर्षं बिडी ओढायला लावता येईल का? आणि चाचणीत नेमकं काय द्यायचं, हे तरी कुठून कळणार? ते पुण्याच्या अभ्यासातच दिसतं. बायकांचा आहार दिवसाला साधारण १८०० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिनं. सगळ्यांचा अंदाज होता की कॅलरी आणि प्रथिनं जास्त तर बाळ मोठं. तसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी. ज्या बायका हे जास्त वेळा खायच्या त्यांची बाळं मोठी. शिवाय ज्यांच्या अंगावर शेतातलं, पाणी आणण्याचं काम जास्त, त्यांची बाळं लहान.

पुढे रक्त तपासलं तर दोन तृतीयांशाच्या आसपास बायकांत बी-१२ कमी. मटण-मासे क्वचित, दूध विकायला डेअरीत, मग बी-१२ येणार कुठून? फोलेटची (गोळ्यांतून देतात ते फोलिक अॅसिड) मात्र फारशी कमतरता नव्हती. मुलं सहा वर्षांची झाल्यावर दिसलं की ज्यांच्या आईचं फोलेट जास्त होतं त्यांच्यात चरबी जास्त, आणि साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीराची दाद कमी. आणि आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, अशा मुलांत इन्सुलिनला दाद सर्वांत कमी. २००८ साली हे डायबेटोलॉजिया या मासिकात आलं. बी-१२ वर कोणाचा डोळाच नव्हता. कोहॉर्टनेच तिकडे बोट दाखवलं.

आणि मग चाचणीही झाली. त्याच मुलामुलींवर, ती किशोरवयात आल्यावर, २०१२ पासून. प्रिया हे तिचं नाव. चिठ्ठ्या टाकून काहींना बी-१२, काहींना बी-१२ सोबत इतर सूक्ष्म पोषकं आणि काहींना औषध नसलेली गोळी. मुलींची लग्नं झाली, त्यांना बाळं झाली, आणि बाळाच्या नाळेच्या रक्तात बी-१२ वाढलेलं दिसलं. बाळांची संख्या लहान आहे, त्यामुळे पुढचे मोठे दावे कोणी घाईने करू नयेत. पण निरीक्षण, त्यातून शंका, त्यातून चाचणी, असा हा तीन पिढ्यांचा प्रवास एकाच मातीत झाला.

रानवारा

आमचं गाव शिरूर तालुक्यात. आमच्या भागात के.ई.एम.ची माणसं फार वर्षांपासून येतात. डॉ. बानू कोयाजींनी वढूचं ग्रामीण रुग्णालय वाढवलं, गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं. माझ्या आईच्या पिढीतल्या बायका अजून त्यांचं नाव काढतात. मला वाटतं आधी दवाखाना होता, बाळंतपणाला गाडी येत होती, म्हणून लोकांनी पुढे रक्त द्यायला नाही म्हटलं नाही. नुसतेच फॉर्म घेऊन आलेल्या माणसाला गाव दारात उभं करत नाही.

एक विचारायचं होतं. पहिलं बाळंतपण तर माहेरी होतं. मग ७२ तासांत मोजमाप कसं करायचे?

शेवंती

रानवारा, फील्डवरच्या प्रत्येकीच्या तोंडी हाच प्रश्न असतो! त्या अभ्यासात नेमकं कसं केलं याचा तपशील मी देत नाही, आमच्याकडे काय व्हायचं ते सांगते.

सातव्या महिन्यापासूनच विचारून ठेवायचं, माहेर कोणतं, वाडी कोणती, एसटी कुठवर जाते, शेजारी फोन कोणाकडे आहे. डोहाळजेवणाची तारीख कार्यकर्तीच्या वहीत असायची, कारण त्यानंतर बाई माहेरी जाते. बाळ झालं की सासरी निरोप येतो, सासूकडून आम्हाला कळतं, की काटा आणि कॅलिपर पिशवीत घालून निघायचं.

त्याहून अवघड म्हणजे नावं. मुलगी अठराची होऊन लग्न करून गेली की आडनाव बदलतं, कितीतरी घरांत पाळण्यातलं नावही बदलतं. बारा वर्षांची असताना नोंदलेली मुलगी आणि आता तपासणीला आलेली बाई एकच आहे, हे कागदावर कशावरून ठरवायचं? आईचं नाव, जन्मतारीख, भावंडांचा क्रम आणि शेवटी गावातली एखादी आजी. आणि ऊसतोडीच्या भागात तर दसरा-दिवाळीनंतर घरंच्या घरं बंद. कोयत्यावर गेलेलं कुटुंब उन्हाळ्यात परततं. सर्वेक्षणाचं वेळापत्रक डिसेंबरात आखणाऱ्याच्या अभ्यासातून सर्वांत गरीब माणसंच गळतात, आणि मग आकडे खोटं बोलायला लागतात. तक्त्यात ती "संपर्क तुटला" एवढ्याच शब्दांत दिसतात.

माझ्या मते कोहॉर्टची खरी प्रतवारी इथेच होते. किती माणसं घेतली यापेक्षा किती टिकली आणि कोण गळलं ते बघा. पुण्याच्या अभ्यासात जन्मलेल्या मुलांपैकी ६१९ जण अठराव्या वर्षी पुन्हा तपासले गेले. आपल्याकडच्या ग्रामीण भागात, अठरा वर्षांनी! आणि निष्कर्ष असा की ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांची साखर बिघडायला लागली होती, बहुतेक सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. याच गटात ४८ टक्के जणांचं वजन प्रमाणापेक्षा कमी होतं. ज्यांची उपाशीपोटीची साखर सहा आणि बारा वर्षांचे असतानाच वरच्या बाजूला होती, त्यांच्यात हे जास्त दिसलं. पिझ्झा-बर्गरला नावं ठेवून या आकड्यांचं स्पष्टीकरण मिळत नाही.

घाटमाथा

४८ टक्के कमी वजनाचे आणि तरी हा आकडा! शाळेच्या तपासणीत आपण वजन-उंची बघून "ठीक" असा शेरा मारतो. यावर आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांच्या बैठकीत बोलणार आहे.

गिरणगाव_परळ

पुण्याचं झालं, आता मुंबईचंही सांगतो. माझं काम तंबाखूविरोधी चळवळीत आहे, आणि आमच्या हातातलं सर्वांत भक्कम हत्यार म्हणजे मुंबई कोहॉर्ट स्टडी. डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली सुरू केला. पस्तिशीच्या पुढची माणसं निवडायला त्यांनी मतदारयाद्या घेतल्या. यादीत नाव, वय, पत्ता सगळं तयार. कार्यकर्ते हातात मावणारे छोटे संगणक घेऊन चाळींतून, झोपडपट्ट्यांतून दारोदार फिरले. त्या काळात! १९९७ पर्यंत जवळपास दीड लाख माणसं नोंदली.

पहिल्या ९९,५९८ जणांच्या नोंदीतच दिसलं की ५७.५ टक्के बायका तंबाखू वापरतात. ओढणाऱ्या जवळजवळ कोणीच नाही. मशेरी, तंबाखू-चुना, पान. माझी आजी सकाळी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करायची, सगळी चाळ त्या वासाने खोकायची. तिच्या लेखी ते दात घासणं होतं. "तंबाखू खाता का?" असं विचारलं असतं तर तिने नाहीच सांगितलं असतं. म्हणून मशेरीचं नाव घेऊनच विचारावं लागतं.

काही वर्षांनी पुन्हा दारोदार जाऊन कोण हयात आहे, कोण गेलं, ते पाहिलं आणि मृत्यूचं कारण महापालिकेच्या नोंदींतून काढलं. २००५ मध्ये आलेल्या निष्कर्षांत, अजिबात तंबाखू न घेणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांत मृत्यूचा धोका १.३७ पट आणि बिडी ओढणाऱ्यांत १.६४ पट. बिडी म्हणजे पानात गुंडाळलेली, कागद नाही, म्हणून "सौम्य", अशी समजूत होती ना? कर लावताना बिडीला नेहमी झुकतं माप. त्या वेळी हे आकडे पुढे ठेवता आले.

तर्कनिष्ठ

बिडी ओढणारा गरीब, सिगारेट ओढणारा त्याहून बरा. १.६४ मधला किती भाग बिडीचा आणि किती गरिबीचा?

गिरणगाव_परळ

वय आणि शिक्षण यांचा तोल सांभाळून काढलेले आकडे आहेत. शिवाय दिवसाला जितक्या बिड्या जास्त तितका धोका चढत जातो. नुसत्या गरिबीने तशी पायरी दिसली नसती. आणखी एक गोष्ट सांगायला हवी: उच्च मध्यमवर्गीयांच्या सोसायट्या या अभ्यासात नाहीत, कारण पहारेकरी आतच सोडत नव्हते. त्यामुळे अभ्यासातले लोक बरेचसे एकाच आर्थिक थरातले. मुंबईतल्या श्रीमंतांबद्दल त्यावरून काही बोलता येणार नाही, पण गटाच्या आतली तुलना त्यामुळे उलट जास्त भरवशाची झाली.

लीड्सचा_मुक्काम

तंबाखूचा विषय निघालाच आहे तर इथल्या डॉक्टरांच्या अभ्यासाबद्दल लिहितो. १९५१ साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधल्या सगळ्या नोंदणीकृत डॉक्टरांना एक छोटी प्रश्नावली पाठवली. धूम्रपान करता का, किती, कधीपासून. बस्स. ३४,४३९ पुरुष डॉक्टरांची उत्तरं घेऊन ते थांबले. डॉक्टरच का, तर त्यांचा पत्ता वैद्यकीय नोंदणीमुळे कधी हरवत नाही. मघाशी शेवंतीताईंनी माहेर आणि आडनावाचं लिहिलं, त्यावरचा तोडगा त्यांना आयता मिळाला होता.

अडीच वर्षांत ७८९ मृत्यू, त्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे फक्त ३६. तेवढ्यावरही १९५४ च्या पहिल्या अहवालात चढण स्पष्ट दिसली: जितकी जास्त सिगारेट तितके जास्त मृत्यू. पन्नास वर्षांनी, २००४ मध्ये, शेवटचा अहवाल आला तेव्हा डॉल हयात होते, वय ९१. कायम ओढत राहिलेले सरासरी दहा वर्षं लवकर गेले. ज्यांनी साठीत सोडली त्यांना तीन वर्षं परत मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा, चाळिशीत नऊ, आणि तिशीत सोडणाऱ्यांना जवळजवळ सगळीच. माझ्या वडिलांनी पंचावन्नाव्या वर्षी सिगारेट सोडली ती हेच आकडे ऐकून.

इथे यूके बायोबँक नावाचा कोहॉर्टही आहे, पाच लाख माणसं. मीही त्यातला एक. लीड्सच्या केंद्रात जाऊन रक्त, लघवी, पकडीची ताकद, सगळं देऊन आलो. पण आमंत्रण गेलेल्यांपैकी साडेपाच टक्केच लोक आले, आणि आलेले बहुतेक जरा सुस्थितीतले, तब्येतीची काळजी घेणारे, नव्वद टक्क्यांहून जास्त गोरे. वर्तमानपत्रांतल्या कितीतरी बातम्या याच पाच लाखांवरून येतात. त्या वाचून आपल्या सासूबाईंचा आहार बदलायच्या आधी हे ध्यानात असू द्यावं.

जाई_संख्या

मी पुण्यात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. धागा वाचून फार बरं वाटलं, कारण वर्गात आम्ही फक्त सूत्रं सोडवतो. दोन प्रश्न आहेत. एक, "धोका १.४ पट" हे सामान्य माणसाला कसं समजावायचं? दोन, मध्येच गळलेल्या माणसाचं विश्लेषणात काय करायचं, त्याला टाकून द्यायचं का?

शेवंती

जाई, पहिला प्रश्न बातम्या लिहिणाऱ्यांनी विचारायला हवा होता. समजा हजार माणसांत दहा वर्षांत दहा जणांना एखादा आजार होतो. धोका १.४ पट म्हणजे चौदा जणांना होईल. हजारांत चार वाढले. "चाळीस टक्क्यांनी वाढ" असा मथळा दिला की वाचणाऱ्याला वाटतं आपल्यावर वीज कोसळली. आता तोच १.४ जर हजारांत दोनशे जणांना होणाऱ्या आजाराचा असेल तर ऐंशी माणसं वाढली. पट सांगताना मूळ आकडा सांगितलाच पाहिजे. नाही तर ती माहिती अर्धी आणि दिशाभूल करणारी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं. टाकून नाही द्यायचं. एक बाई चार वर्षं संपर्कात होती आणि मग मुंबईला गेली, तर तिची ती चार वर्षं हिशेबात धरायची. दहा माणसं चार-चार वर्षं म्हणजे चाळीस व्यक्ती-वर्षं. छेदात माणसांऐवजी अशी वर्षं येतात. पण यात एक गृहीत आहे: गळलेली आणि टिकलेली माणसं आजाराच्या बाबतीत सारखी आहेत. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब आणि गावात दुकान असलेलं कुटुंब सारखं असतं का? म्हणून गळलेल्यांची सुरुवातीची माहिती टिकलेल्यांच्या शेजारी मांडून बघायची. चांगल्या शोधनिबंधात तसा तक्ता असतोच.

रानवारा

एक मनातलं विचारतो. एवढी वर्षं लोकांनी रक्त दिलं, पोरांना सुया टोचून घेतल्या. त्या माणसांना काय मिळालं? परदेशातल्या मासिकांत नाव तर शास्त्रज्ञांचं येतं.

शेवंती

रानवारा, हा प्रश्न प्रत्येक कोहॉर्टला विचारलाच पाहिजे. तपासणीत रक्त कमी निघालं, साखर वाढलेली निघाली, तर ते त्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगणं आणि उपचाराची वाट दाखवणं हे बंधनकारक असतं. मूल अठराचं झालं की आईबापाची जुनी संमती पुरत नाही, त्याला स्वतःला विचारावं लागतं, आणि नको म्हणण्याचा त्याचा हक्क आहे. कागदावर हे सगळीकडे असतं. प्रत्यक्षात ते फील्डवरच्या ताईवर आणि निधीवर अवलंबून असतं.

मी ज्या प्रकल्पात होते तिथला निधी मध्येच थांबला. दोन फेऱ्या झाल्या, तिसरी झालीच नाही. पाच गावांचे फॉर्म गोण्यांत भरून एका खोलीत ठेवले गेले. आम्ही ज्या बायकांना "मूल पाच वर्षांचं झालं की परत येऊ" म्हटलं होतं त्यांच्याकडे कोणी परत गेलं नाही. त्यातली एक मला पुढे बाजारात भेटली आणि "ताई, आमच्या पोराचं मापाचं काय झालं?" असं तिने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या लोकांनी आपलं काम चोख केलं होतं. तीन वर्षांच्या अनुदानावर वीस वर्षांचा अभ्यास चालत नाही, हे निधी देणाऱ्यांनी समजून घ्यायला हवं. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ साली ५,२०९ लोकांपासून सुरू झालेला हृदयविकाराचा अभ्यास आज तिसऱ्या पिढीत आहे. १९६० च्या दशकाअखेरीस त्याचाही सरकारी निधी आटला होता, तेव्हा संशोधकांनी खाजगी देणग्या गोळा करून तो तगवला. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल हृदयविकाराचा धोका वाढवतात हे आज घाटमाथांच्या दवाखान्यातल्या फलकावर लिहिलेलं असतं, ते मुख्यतः त्या गावाच्या जिवावर.

घाटमाथा

खरं आहे. आणि फ्रॅमिंगहॅमवरून बनवलेलं धोक्याचं गणित आपल्या रुग्णाला लावताना मला नेहमी अडचण येते, कारण ती मूळ माणसं बहुतेक सगळी गोरी. आपल्या माणसांचं गणित आपल्याच माणसांच्या पाठपुराव्यातून यायला हवं. एक विनंती: गरोदर बायकांच्या बी-१२ बद्दल इथे कोणी लगेच स्वतःहून गोळ्या सुरू करू नका. रक्त तपासा, डॉक्टरांना विचारा. दूध, दही, अंडी परवडत असतील आणि चालत असतील तर ती जेवणात आणा. आणि फोलिक अॅसिड बंद करायचं नाही. बाळाच्या मज्जारज्जूसाठी ते आवश्यक आहे.

जाई_संख्या

शेवंतीताई, प्रबंधासाठी मी असाच एखादा कोहॉर्ट निवडायचा विचार करते आहे. शोधनिबंध हातात आला की सर्वांत आधी काय बघता?

शेवंती

सारांश नंतर वाच. आधी माणसांच्या प्रवाहाची आकृती काढ: किती जणांना विचारलं, किती आले, प्रत्येक फेरीला किती राहिले. मग पहिला तक्ता, तिथे ही माणसं कोण आहेत ते कळतं. मग आजाराची नोंद कशी केली ते बघ: डॉक्टरने तपासून, मृत्यूच्या दाखल्यावरून, की "तुम्हाला साखर आहे का?" असं नुसतं विचारून. आपल्याकडे मधुमेह असलेल्या कितीतरी जणांना तो आहे हेच माहीत नसतं, त्यामुळे नुसतं विचारून काढलेला आकडा कमी येतो. आणि जमलं तर, ज्या गावातली माहिती वापरणार आहेस तिथे फील्डवरच्या ताईंबरोबर एक दिवस फिर. वहीतला "घर बंद" हा शेरा कधी आणि का पडतो ते त्यांच्याकडूनच कळेल. प्रबंधाचा विषय ठरला की इथे लिही, मी वाचून देईन.